गातोस का? : संगीत नाटक मंडळ्यांमधील निवड, तालीम आणि फुटलेला आवाज

१/
नट निवडला कसा जात असे? आज एखाद्या संस्थेची जाहिरात येते, उमेदवार रांगेत उभे राहतात, प्रत्येकजण पाठ केलेले स्वगत म्हणतो आणि निकाल चार दिवसांनी फोनवर कळतो. सव्वाशे वर्षांपूर्वी किर्लोस्कर मंडळीच्या किंवा तत्सम एखाद्या कंपनीच्या बिऱ्हाडी आलेल्या मुलाला मुख्यतः एकच प्रश्न असे : गातोस का? आजचा धागा त्या प्रश्नाविषयी, त्यामागून येणाऱ्या तालमीविषयी आणि गळ्याने साथ सोडली म्हणजे त्या मुलाचे काय होई याविषयी आहे. लांबला आहे, सवडीने वाचावा.

२/
हा प्रश्न मराठी रंगभूमीच्या आरंभापासून विचारला जात नव्हता. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ सादर केले तेव्हा पदे म्हणण्याचे काम प्रामुख्याने सूत्रधाराचे होते. पात्रे रंगमंचावर येत, प्रसंगानुरूप आयत्या वेळी सुचेल ते बोलत, राक्षस आरडाओरडा करीत, युद्धे होत. पाठांतराला लिखित संहिताच नव्हती. अशा नाटकाला भारदस्त शरीर, खणखणीत वाणी आणि हजरजबाबीपणा पुरेसा होता. सुरात गाणे ही नटाची अट नव्हती.

३/
ती अट आली ३१ ऑक्टोबर १८८० रोजी. पुण्याच्या आनंदोद्भव नाट्यगृहात अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘शाकुंतल’चे पहिले चार अंक रंगभूमीवर आणले. अण्णासाहेब तेव्हा रेव्हेन्यू कमिशनरच्या कचेरीत नोकरीला होते. पारशी मंडळींचा संगीताचा खेळ पाहून त्यांना स्फूर्ती झाली, हे आपण शाळेपासून वाचत आलो आहोत. एका गोष्टीकडे मात्र क्वचितच लक्ष जाते. या नाटकात सूत्रधार सर्वांच्या वतीने गात नाही. दुष्यंताची पदे दुष्यंत गातो, शकुंतलेची शकुंतला. एवढ्या एका बदलाने नटाच्या निवडीचा निकषच पालटला. आता प्रत्येक प्रमुख पात्राला गळा हवा होता. शिवाय स्त्रीभूमिका पुरुषच करीत असल्याने नायिकेसाठी असा पुरुष हवा होता, ज्याच्या गळ्यातून स्त्रीचे गाणे खोटे वाटणार नाही.

४/
असा गळा शोधायचा कुठे? वर्तमानपत्रात जाहिरात देऊन तो मिळण्यासारखा नव्हता. मंडळी गावोगाव फिरत, आणि प्रत्येक मुक्कामी मालकाचे कान उघडे असत. कीर्तनात झील धरणारा मुलगा, देवळात भजन म्हणणारा मुलगा, एखाद्या संस्थानिकापुढे गायलेला मुलगा, कुणाचा तरी भाचा. भाऊराव कोल्हटकर मिळाले ते बडोद्यात. १८८२ मध्ये ते किर्लोस्कर मंडळीत आले तेव्हा त्यांचे वय १९ होते. त्याच वर्षी १८ नोव्हेंबरला ‘सौभद्र’ रंगभूमीवर आले आणि भाऊरावांची सुभद्रा पाहण्यासाठी लोक दुरून येऊ लागले.

५/
भाऊरावांचे वय लक्षात ठेवा. पुढे ते उपयोगी पडणार आहे.

६/
गळा पसंत पडला म्हणजे मुलगा कंपनीच्या बिऱ्हाडात दाखल होई. येथे ‘कंपनी’ या शब्दाने कचेरी डोळ्यांसमोर आणू नये. ते एक फिरते एकत्र कुटुंबच असे. एकच स्वयंपाक, एकच पंगत, सामानाच्या पेट्या, पडदे, आणि एका मुक्कामाहून दुसऱ्या मुक्कामाला जाणारा सारा लवाजमा. खेळ रात्री उशिरा सुरू होऊन पहाटेपर्यंत चालत, त्यामुळे मुलांची झोप दिवसा. शाळा बहुतेकांची सुटलेली. जे काही शिक्षण व्हायचे ते तालमीतच.

७/
नव्या मुलाच्या हाती प्रथम येई ती ‘नक्कल’. नाटक छापलेले असो वा नसो, प्रत्येक नटाला त्याच्या भूमिकेपुरता मजकूर हाताने उतरवून दिला जाई, त्यालाच नक्कल म्हणत. तीत स्वतःची वाक्ये पूर्ण आणि समोरच्याच्या वाक्याचे शेवटचे दोन-चार शब्द, म्हणजे आपण केव्हा तोंड उघडायचे ते कळावे. संपूर्ण नाटक काय आहे हे अशा नटाला तालमीला बसल्यावर, तुकड्यातुकड्याने उमगत जाई. ‘नक्कल चोख आहे’ ही त्या काळी नटाची पहिली पावती होती. एखादा शब्द इकडचा तिकडे झाला की पुढच्या पात्राचा दुवा तुटे, हे त्याचे व्यावहारिक कारण.

८/
नक्कल पाठ झाली की तालीम मास्तर. या पदावरचे सर्वांत आदराने घेतले जाणारे नाव गोविंद बल्लाळ देवल यांचे. ‘शारदा’ आणि ‘संशयकल्लोळ’चे नाटककार म्हणून आपण त्यांना ओळखतो. तथापि त्यांच्या समकालीन नटांच्या दृष्टीने ते आधी शिक्षक होते आणि मग लेखक. बेळगावच्या शाळेत ते अण्णासाहेब किर्लोस्करांचे विद्यार्थी. पुढे आर्योद्धारक मंडळीत त्यांनी ‘ऑथेल्लो’च्या ‘झुंझारराव’ या रूपांतरासारखी गद्य नाटके बसवली. त्यामुळे गद्य अभिनयाची शिस्त आणि संगीत नाटकाची गोडी या दोन्ही गोष्टी त्यांच्या तालमीत एकत्र आल्या.

९/
देवलांचा आग्रह अर्थावर असे. वाक्य कोणाला उद्देशून आहे, कोणत्या शब्दावर जोर पडला म्हणजे अर्थ उघडतो, ते ऐकताना समोरच्या पात्राने काय करावे, हे सारे ते स्वतः करून दाखवीत. म्हातारा, तरुणी, विदूषक, सर्व भूमिका. विद्यार्थ्याने आधी त्यांचे हुबेहूब अनुकरण करायचे आणि अर्थ अंगात मुरला की स्वतःचे काही घालायचे. आजच्या कार्यशाळांतून ‘आधी स्वतःला शोधा’ असे सांगितले जाते, त्याच्या ही पद्धत नेमकी उलट. ती कालबाह्य म्हणून हसण्यावारी नेणाऱ्यांनी गणपतराव बोडसांचे ‘माझी भूमिका’ हे आत्मचरित्र जरूर वाचावे. अनुकरणातून घडलेला नट किती स्वतंत्र होऊ शकतो याचे बोडस हे स्वतःच उदाहरण आहेत. ‘संशयकल्लोळ’मधील त्यांचा फाल्गुनराव हा पुढच्या कित्येक पिढ्यांचा मानदंड ठरला.

१०/
स्त्रीपार्ट करणाऱ्या मुलाला आणखी एक तालीम. नऊवारी लुगडे नेसून चालणे, बसणे, उठणे, पदर सावरणे, मान वळवणे. हे तासन्‌तास. लुगड्यात पाय अडखळला तर प्रेक्षागृहात हशा पिकणार, आणि शकुंतलेच्या विरहात पिकलेला हशा नाटकाचा जीव घेणार. मग पदांच्या चाली, त्या पेटीबरोबर आणि तबल्याबरोबर बसवणे. ध्वनिवर्धक हे यंत्र अस्तित्वात नव्हते, म्हणून स्वर पिटातल्या शेवटच्या बाकापर्यंत उघड्या गळ्याने पोचवावा लागे. या नटांच्या उंच पट्टीचे कौतुक करताना ही गरज आपण विसरतो. सर्वांत शेवटी, वेशभूषेसह आणि रंगरंगोटीसह होणारी रंगीत तालीम.

११/
गद्य कंपन्यांत चित्र थोडे निराळे होते. ‘शाहूनगरवासी’ मंडळीचे गणपतराव जोशी यांना गाण्याची गरज नव्हती. गोपाळ गणेश आगरकरांनी डोंगरीच्या तुरुंगातल्या १०१ दिवसांत ‘हॅम्लेट’चे भाषांतर केले, ते ‘विकारविलसित’. आणि त्या भूमिकेसाठी गणपतरावांना मार्गदर्शनही स्वतः केले. सुधारकाग्रणी आणि फिरत्या नाटक कंपनीतला एक पोरसवदा नट समोरासमोर बसून हॅम्लेटची स्वगते घोटत आहेत, हे दृश्य मला फार आवडते. पण तो वेगळ्या धाग्याचा विषय.

१२/
आता मूळ दुखण्याकडे येऊ. मुलगा वयात येतो तेव्हा स्वरयंत्र वाढते, स्वरतंतू लांब आणि जाड होतात आणि आवाज साधारण एका सप्तकाने खाली उतरतो. हा बदल सुरळीत होत नाही. मधले काही महिने, कधी वर्षे, गळा कोणत्या क्षणी दगा देईल याचा भरवसा नसतो. यालाच आपण आवाज फुटणे म्हणतो. घरी राहणाऱ्या मुलाच्या बाबतीत तो थट्टेचा विषय असतो. नाटक मंडळीत मात्र त्याच आवाजाच्या बळावर मुलाला जेवण, पगार आणि नाव मिळत असे.

१३/
केशवराव भोसले यांचे उदाहरण पाहा. जन्म १८९० चा, कोल्हापूरचा. घरच्या गरिबीमुळे ज्या वयात मुले अक्षरे गिरवतात त्या वयात ते ‘स्वदेशहितचिंतक’ मंडळीत दाखल झाले आणि बालवयातच ‘शारदा’ म्हणून गाजले. ‘शारदा’ हे नाटक पैशासाठी म्हाताऱ्याला देऊ केलेल्या अल्पवयीन मुलीविषयी आहे. मोठ्यांच्या व्यवहारात स्वतःच्या आयुष्याचा निर्णय होऊन गेलेला एक लहान मुलगा रोज रात्री रंगमंचावर त्या मुलीचे दुःख गात होता. नाटकाने थिएटर हेलावत असे म्हणतात. प्रेक्षकांपैकी किती जणांना हे साम्य जाणवले असेल, कोण जाणे. केशवरावांचा गळा तारुण्यातही तळपत राहिला. १ जानेवारी १९०८ रोजी हुबळीत त्यांनी स्वतःची ‘ललितकलादर्श’ मंडळी काढली तेव्हा त्यांना अठरावे वर्षही पुरे झाले नव्हते.

१४/
सर्वांचे नशीब असे नसे. भास्कर बखले हा १८६९ साली जन्मलेला, बडोद्याकडचा मुलगा किर्लोस्कर मंडळीत आला तो गोड गळ्याच्या जोरावर. १८८४ च्या ‘रामराज्यवियोग’ नाटकात त्याने कैकेयी केली. मंथरा होते भाऊराव कोल्हटकर. त्याचे गाणे ऐकून थोर बीनकार बंदे अली खाँ यांनी या मुलाला गंडा बांधला, असे त्याच्या चरित्रात येते. नटाच्या आयुष्यात याहून मोठी शिफारस कोणती असणार?

१५/
आणि मग आवाज फुटला.

१६/
कैकेयीचा मुकुट दुसऱ्याच्या डोक्यावर गेला. काल ज्याच्या पदाला टाळ्या पडत होत्या त्याला आज कंपनीत जागा उरली नाही, उलट उपेक्षा आणि अवहेलना वाट्याला आली. यात कंपनीचे मालक दुष्ट होते असे समजण्याचे कारण नाही. बिऱ्हाडाचा खर्च तिकिटांच्या विक्रीवर चाले आणि तिकिटे गळ्यावर विकली जात. पण हिशेब बरोबर असला म्हणून तो सोसणाऱ्या मुलाला कमी लागतो असे नाही. शाळा सुटलेली, दुसरा धंदा शिकलेला नाही, आणि ज्या एका गुणासाठी निवड झाली तोच गेलेला. अशा परिस्थितीत सापडलेली मुले किती असतील याची मोजदाद कोणी ठेवली नाही. रंगभूमीच्या इतिहासात ज्यांची नावे आली ते सारे तगून राहिलेले लोक आहेत.

१७/
भास्कर बडोद्यास फैज महंमद खाँ यांच्याकडे गेला आणि वर्षानुवर्षे शिकत राहिला. त्यानंतर आग्रा घराण्याचे नथ्थन खाँ. त्यानंतर अल्लादिया खाँ. तीन वेगवेगळ्या वळणांची तालीम एका गळ्यात रिचवणे ही त्या काळी असाधारण गोष्ट होती, कारण घराणी आपापल्या चिजा जिवापलीकडे जपत. नाटकातल्या तालमीत महिन्या-दोन महिन्यांत खेळ उभा करायचा असतो. इथल्या तालमीला मुदत नव्हती. फुटलेल्या आवाजातून नवा आवाज घडवायला तेवढा अवधी लागला.

१८/
इकडे किर्लोस्कर मंडळीवर संकट आले होते. १३ फेब्रुवारी १९०१ रोजी भाऊराव कोल्हटकर निवर्तले, आणि सुभद्रेची जागा रिकामी पडली. पुढची चार वर्षे कंपनी त्या जागेसाठी गळा शोधत होती.

१९/
तो गळा नारायण श्रीपाद राजहंस या मुलाचा. जन्म २६ जून १८८८. लहानपणी त्याचे गाणे ऐकून लोकमान्य टिळकांनी ‘बालगंधर्व’ म्हटले, ही कथा सर्वश्रुत आहे. त्यापेक्षा कमी सांगितली जाणारी गोष्ट अशी, की या मुलाला कानाचा विकार होता. ज्याला सुरावर जगायचे आहे त्याचाच कान अधू. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी त्याचे गाणे ऐकले, आणि उपचारासाठी त्याला मिरजेला डॉ. वानलेस यांच्या मिशन रुग्णालयात पाठवले. किर्लोस्कर मंडळीकडे त्याची शिफारस झाली तीही महाराजांकडूनच. म्हणजे मराठी रंगभूमीवरील सर्वांत गाजलेल्या निवडीमागे एक राजा, एक मिशनरी डॉक्टर आणि चार वर्षे रिकामी असलेली एक जागा होती. केवळ गुणांच्या बळावर संधी मिळते असे मानणाऱ्यांनी या साखळीतली एकेक कडी काढून पाहावी.

२०/
१९०५ साली, मिरज मुक्कामी, नारायणराव ‘शाकुंतल’मध्ये शकुंतला म्हणून उभे राहिले. तालीम देवलांची. वय १७. आता भाऊरावांचे १९ हे वय आठवा. किर्लोस्कर मंडळीच्या दोन्ही सर्वश्रेष्ठ नायिका आवाज फुटण्याचे वय बहुधा उलटून गेल्यावर निवडल्या गेल्या होत्या. पहिल्या वेळी हा योगायोग असेल. दुसऱ्या वेळी तो अनुभवातून आलेला शहाणपणा असावा, असे माझे मत आहे. कोवळ्या गळ्यावर नाटक उभारायचे म्हणजे कंपनीने दोन-तीन वर्षांची मुदत मान्य केल्यासारखेच होते. स्थिरावलेला आणि तरीही मधुर असा गळा दुर्मीळ, पण तो टिकतो. बालगंधर्वांचा टिकला.

२१/
या साऱ्या शोधात मुलींना कोणी ‘गातेस का’ असे विचारले नव्हते. घरंदाज बाईने रंगमंचावर येणे अशक्य, आणि ज्या गायिकांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या गाणे होते त्यांच्याबरोबर काम करणे प्रतिष्ठित मंडळ्यांना नामंजूर. हिराबाई पेडणेकर स्वतः उत्तम गात. त्यांनी लिहिलेले ‘दामिनी’ हे नाटक ‘ललितकलादर्श’ने १९१२ मध्ये रंगभूमीवर आणले, पण त्यातल्या स्त्रिया पुरुषांनीच केल्या. १ जुलै १९३३ रोजी ‘नाट्यमन्वंतर’ने ‘आंधळ्यांची शाळा’ सादर केले, त्यात ज्योत्स्ना भोळे आणि पद्मावती वर्तक स्त्रीभूमिकांत उभ्या राहिल्या. ‘दामिनी’पासून तिथवर २१ वर्षे लागली. त्या नाटकाची तालीम, दिग्दर्शन आणि नेपथ्य यांतही पुष्कळ नवे होते. त्यावर पुन्हा केव्हातरी.

२२/
तालमीने अंगी बाणलेली शिस्त किती कठोर असे याचे सर्वांत अस्वस्थ करणारे उदाहरण १२ मार्च १९११ चे. मुंबईत कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या ‘मानापमान’चा पहिला प्रयोग. चाली गोविंदराव टेंबे यांच्या, धैर्यधर नानासाहेब जोगळेकर, लक्ष्मीधर गणपतराव बोडस, भामिनी बालगंधर्व. त्याच दिवशी बालगंधर्वांची लहान मुलगी वारली. प्रयोग पुढे ढकलता आला असता. तो ढकलू नये असे बालगंधर्वांनीच ठरवले, आणि भामिनी हसली, रुसली, गायली. हा प्रसंग नेहमी निष्ठेचा आदर्श म्हणून सांगितला जातो. मला तो वाचताना दर वेळी त्या घरातल्या आईची आठवण होते, आणि आदर्श हा शब्द घशात अडकतो.

२३/
जोगळेकर त्याच वर्षी वारले. कंपनीत मालक कोण आणि नोकर कोण, हा वाद वाढत गेला आणि १९१३ च्या जुलैमध्ये बालगंधर्व, बोडस आणि टेंबे यांनी बाहेर पडून ‘गंधर्व नाटक मंडळी’ स्थापन केली. देवल या नव्या मंडळीसाठी जुन्या गद्य ‘फाल्गुनराव’चे संगीत रूप करीत होते. ते ‘संशयकल्लोळ’ १९१६ च्या ऑक्टोबरात आले. देवल मात्र त्याच वर्षी जूनमध्ये गेले होते.

२४/
१९१६ च्या अखेरीस मंडळीने खाडिलकरांचे ‘स्वयंवर’ घेतले. रुक्मिणीच्या भूमिकेत बालगंधर्व, त्यामुळे पदे भरपूर. या वेळी चाली नुसत्या गोड असून भागणार नव्हत्या; रागदारी बंदिशींचा भक्कम पाया त्यांना हवा होता. या कामासाठी ज्यांना विनंती झाली ते पुण्याच्या भारत गायन समाजाचे संस्थापक, मैफलींचे बादशहा समजले जाणारे भास्करबुवा बखले. होय, तीच कैकेयी. वय ४७.

२५/
बुवांनी आपल्या संग्रहातल्या उत्तमोत्तम बंदिशी या नाटकासाठी मोकळ्या केल्या. एकेक चीज निवडून तिच्या वजनावर मराठी शब्द बसवायचे, आणि ते बालगंधर्वांच्या गळ्यात उतरेपर्यंत घोटून घ्यायचे. गुरूने गावे, शिष्याने तसेच म्हणावे, पुन्हा गावे, पुन्हा म्हणावे. नाटकातल्या पदाला कमी लेखणारे गवई तेव्हा पुष्कळ होते; बुवा त्यांतले नव्हते. बालगंधर्वांनी त्यांना अखेरपर्यंत गुरू मानले. आज ‘स्वयंवर’मधली पदे शास्त्रीय मैफलीत निःसंकोच गायली जातात, त्याचे मूळ या तालमीत आहे.

२६/
१९२२ च्या एप्रिलमध्ये भास्करबुवा गेले. त्यांच्यामागे गंधर्व मंडळीतल्या चालींचे काम त्यांचे शिष्य कृष्णराव फुलंब्रीकर यांच्याकडे आले. मास्टर कृष्णराव म्हणून ते प्रसिद्धीस पावले. तेही एका नाटक मंडळीत बालनट म्हणून गाजले होते आणि बुवांकडे शिकायला आले तेव्हा कुमारवयातच होते.